सेकंडहँड शिडाची बोट घेताय? ॲडव्हान्स देण्याआधी वायरिंग तपासा



पर्यटन व्यवसायावरच्या व्हिडिओत आपण शिडाच्या बोटीचा विषय घेतला होता. मुंबईत गेटवेसमोर संध्याकाळी शिडाच्या बोटीतून लोकांना सूर्यास्त बघायला नेतात, तसं आपल्या गावच्या खाडीत करता येईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नवी बोट परवडत नाही, म्हणून सगळ्यांची नजर जुन्या बोटीकडे जाते. २५ ते ३० फुटांची, छोटं डिझेल इंजिन असलेली, दहा-पंधरा वर्षं वापरलेली. रंग मारलेला असतो, शीड धुतलेलं असतं, गाद्यांना नवीन कव्हर असतं. मालक एक बटण दाबतो, दिवा लागतो, आणि आपण म्हणतो, "चला, लाईट चालू आहे."

इथेच व्यवहार फसतो. दिवा लागला याचा अर्थ त्या क्षणी करंट पोचला, एवढाच. पॅनलच्या मागे काय आहे ते दिव्यावरून कळत नाही. माझं इलेक्ट्रिकल आणि बॅटरीचं दुकान आहे, त्यामुळे बोटवाले गिऱ्हाईक येतं ते बहुतेक बोट घेतल्यावर. तेव्हा भाव करायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून आज एकच मुद्दा नीट समजून घेऊ: बोटीची वीज पैसे देण्याआधी तपासायची, आणि दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीतून वजा करायचा.

आधी बोटीची वीज समजून घ्या

घरात २३० व्होल्ट एसी असते. बोटीवर बहुतेक सगळं १२ व्होल्ट डीसीवर चालतं. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक ती हलक्यात घेतात. पण हिशेब बघा. ६० वॉटचं उपकरण घरात साधारण पाव ॲम्प करंट घेतं. तेच ६० वॉट १२ व्होल्टवर चालवायला ५ ॲम्प लागतात. वॉट तेवढेच, करंट जवळजवळ वीसपट. जास्त करंट म्हणजे जाड वायर, घट्ट जोड आणि चांगला फ्यूज. यातलं एक जरी कच्चं असलं की तिथे उष्णता तयार होते.

दुसरी गोष्ट म्हणजे खारी हवा. घरातली वायर वीस वर्षं भिंतीत सुखाने राहते. बोटीवर तीच वायर मीठ, दमटपणा आणि सततचा हादरा सोसते. वायरच्या टोकातून खारा ओलावा आत शिरतो आणि तांबं काळं-हिरवं पडत जातं. बाहेरून इन्सुलेशन चकाचक आणि आत भुकटी! म्हणून बोटीसाठी टिन्ड कॉपरची, म्हणजे तांब्याच्या प्रत्येक बारीक तारेवर कथलाचा मुलामा असलेली, बऱ्याच तारांची लवचिक वायर वापरतात. घरगुती एकतारी वायर हादऱ्याने आतल्या आत तुटते.

सोबत काय न्यायचं?

हजार रुपयांच्या आत मिळणारा डिजिटल मल्टीमीटर, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, वही-पेन आणि मोबाईलचा कॅमेरा. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर कुणाकडून मिळाला तर उत्तमच. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, "दादा, रात्री चार्जर बंद ठेवा आणि सकाळी मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका." यात संकोच नको. घोडा घेताना दात बघतातच.

तपासणी: एकेक करून आठ गोष्टी

१. बॅटरी. रात्रभर विश्रांती घेतलेल्या लेड-ॲसिड बॅटरीवर मीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण नुसत्या व्होल्टवर विश्वास ठेवू नका, म्हातारी बॅटरीसुद्धा मीटरवर छान आकडा दाखवते. सगळे दिवे, पंप, पंखे अर्धा तास चालू ठेवा आणि पुन्हा बघा. आकडा भराभर पडला तर बॅटरी संपली आहे, नवीन धरूनच चाला.

बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, तेही बघा. बोट कलते, तेव्हा सुटी बॅटरी सरकते. टर्मिनलवर झाकण हवं. आणि डबा हवेशीर हवा, कारण चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेटतो.

२. मेन स्विच आणि मेन फ्यूज. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायर धरून चालत जा. मुख्य फ्यूज कुठे आहे? अमेरिकन बोटींच्या मानकात तो बॅटरीपासून साधारण ७ इंचांच्या, म्हणजे १८ सेंटिमीटरच्या आत लावायला सांगतात. कारण सोपं आहे. फ्यूज उपकरणाला वाचवायला नसतो, तो वायरला वाचवायला असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये जेवढी वायर, तेवढी बिनसंरक्षणाची. तिथे शॉर्ट झाला तर बॅटरी शेकडो ॲम्प सोडते आणि वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते. जमिनीवर आग लागली तर आपण पळतो. पाण्यावर पळणार कुठे?

जुन्या बोटीत मेन फ्यूज नसणं, किंवा उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली असणं, हे पहिलं धोक्याचं चिन्ह.

३. पॅनलच्या मागची बाजू. स्क्रू काढून पॅनल उघडा. मालक "कशाला उघडता, सगळं ओके आहे" म्हणाला तर जरूर उघडा. आत काय बघायचं: पिळून टेप मारलेले जोड, काळे पडलेले लग, वितळलेलं प्लॅस्टिक, कुठेच न जाणाऱ्या मोकळ्या वायरी, एकाच स्क्रूखाली कोंबलेली पाच-सहा टोकं. घरगुती एमसीबी लावलेला असेल तर त्यावर डीसी रेटिंग छापलंय का पाहा. एसीचा एमसीबी डीसीसाठी बनवलेला नसतो. डीसी करंट एसीसारखा मध्ये शून्यावर येत नाही, त्यामुळे ठिणगी विझायला त्रास होतो.

वायरचे रंगही बघा. बोटीच्या डीसी वायरिंगमध्ये लाल पॉझिटिव्ह, आणि काळा किंवा पिवळा निगेटिव्ह असतो. पण आपल्याकडच्या घरगुती कामात लाल आणि पिवळा हे दोन्ही फेजचे रंग आणि काळा न्यूट्रल. दोन्ही वीज एकाच डब्यात असेल आणि रंग मिसळले असतील, तर पुढचा वायरमन फसतो. हा जिवाचा प्रश्न आहे.

४. व्होल्टेज ड्रॉप. ही तपासणी फार कमी लोक करतात, आणि खरी माहिती इथेच मिळते. उपकरण चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा, मग त्याच उपकरणाच्या टोकांवर मोजा. दोन्हींमधला फरक म्हणजे वाटेत गळलेली वीज. पंप, नेव्हिगेशन दिवे, रेडिओ अशा महत्त्वाच्या गोष्टींना ३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्टपर्यंत घट चालते. केबिनच्या दिव्यांना १० टक्क्यांपर्यंत सूट देतात.

एक उदाहरण. बॅटरीपासून नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, ६ मीटर अंतर आहे. जाणं आणि येणं मिळून वायर झाली १२ मीटर. करंट ५ ॲम्प. वायर १.५ स्क्वेअर एमएम असेल तर साधारण ०.८ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या वर. तीच वायर ४ स्क्वेअर एमएमची टाकली तर घट ०.३ व्होल्टवर येते. घरात २३० मधले ०.८ गेले तर कुणाला कळतही नाही. बोटीत त्यामुळे पंप मंद होतो आणि रेडिओ बोलायच्या वेळी बंद पडतो. वायरची जाडी पुरेशी असून घट जास्त दिसली तर समजा, कुठेतरी जोड खराब आहे.

५. बिल्ज पंप. बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा हा पंप. बादलीभर पाणी ओता आणि बघा. फ्लोट स्विच पाण्याबरोबर वर येऊन पंप आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि पाणी खरंच बाहेर पडलं पाहिजे. आता मेन स्विच बंद करून पुन्हा तेच करा. तरीही पंप चालायला हवा, कारण त्याची ऑटोमॅटिक लाईन स्वतंत्र फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडलेली असते. रात्री बोट धक्क्याला एकटी असते, तेव्हा तिची राखण हाच पंप करतो.

६. चार्जिंग. इंजिन सुरू करताना बॅटरीवर मीटर ठेवा. क्रँकिंगच्या वेळी आकडा १० व्होल्टच्या बराच खाली गेला तर बॅटरी कमजोर किंवा केबलचे जोड खराब. इंजिन चालू झाल्यावर मध्यम वेगाला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १२.५ वरच अडकला तर अल्टरनेटर, बेल्ट किंवा वायरिंगमध्ये दोष. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला, तो बॅटरी उकळवणार. आणि हो, इंजिन चालू असताना मेन स्विच बंद करून बघू नका, अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

७. नेव्हिगेशन दिवे. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. समुद्रावरच्या टक्करी टाळण्यासाठी १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यानुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत हे दिवे लागतात. काही शिडाच्या बोटींवर डोलकाठीच्या टोकाला तिन्ही रंगांचा एकत्र दिवा असतो. तो फक्त शिडावर चालताना वापरायचा. इंजिन सुरू केलं की नियमाने तुमची बोट इंजिनाची बोट ठरते आणि दिवे बदलतात. सूर्यास्ताची फेरी मारून परत येताना आपण इंजिनावरच येतो, त्यामुळे दोन्ही प्रकारचे दिवे तपासा. डोलकाठीच्या तळाशी जिथे वायर डेकमधून आत जाते, तो जोड हमखास सडलेला सापडतो. तिथे हात लावून बघाच.

८. धक्क्यावरची २३० व्होल्ट लाईन. बोटीला किनाऱ्यावरून वीज घ्यायची सोय असेल तर ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी आहे का, टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का, अर्थिंग आहे का, हे बघा. हा भाग स्वतः उघडू नका, परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. बोट पाण्याबाहेर असेल तर तळाला लावलेले झिंकचे तुकडेही बघा. बाकीचा धातू वाचवायला ते स्वतः झिजतात, ते त्यांचं कामच आहे. पण लावल्यावर काही महिन्यांतच खलास होत असतील तर कुठेतरी करंट गळत असण्याची शंका घ्या.

यादीचे रुपये करा

आता वहीत दहा-पंधरा नोंदी झाल्या असतील. त्या तीन भागांत वाटा.

पहिला भाग: जिवाशी संबंधित. मेन फ्यूज, बिल्ज पंप, जळके जोड, २३० व्होल्टचे दोष, नेव्हिगेशन दिवे.
दुसरा भाग: धंद्याशी संबंधित. बॅटरी, अल्टरनेटर, व्होल्टेज ड्रॉप, रेडिओ, जीपीएस.
तिसरा भाग: हौस. फ्रीज, म्युझिक सिस्टीम, निळे एलईडी.

पहिल्या दोन भागांचं लेखी कोटेशन दोन ठिकाणांहून घ्या, मजुरीसकट. बोटीत वायर ओढायला जागा अरुंद असते, त्यामुळे मजुरी सामानाएवढीसुद्धा होऊ शकते. ते कोटेशन मालकासमोर ठेवा. "काका, बोट मला आवडली आहे, पण एवढं काम करून घेतल्याशिवाय मी पाहुणे बसवू शकत नाही." आवाज चढवायची गरज नाही, फोटो आणि आकडे बोलतात. मालक कमी करायला तयार नसेल तर निदान तुम्हाला बोटीची खरी किंमत कळली.

आणि न तपासण्याची किंमत? समजा, तुम्ही शनिवार-रविवार मिळून चार फेऱ्या करता, फेरीला सहा माणसं, माणशी हजार रुपये. म्हणजे आठवड्याचे २४,००० रुपये. ऐन डिसेंबरमध्ये वायरिंगमुळे बोट दोन आठवडे उभी राहिली तर ४८,००० बुडाले, शिवाय तांडेल आणि खलाशाचा पगार चालूच. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हा धंदा बंद असतो. हंगाम मोजक्या महिन्यांचा, त्यात गेलेला शनिवार परत येत नाही.

अपग्रेड कुठल्या क्रमाने?

बोट घेतल्यावर पहिला मोह होतो सोलर आणि लिथियमचा. थांबा. क्रम असा ठेवा.

आधी फ्यूज आणि जोड. सगळे पिळलेले जोड कापा. योग्य मापाचा लग, चांगला क्रिम्पिंग टूल आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापरा. पकडीने दाबलेला लग हादऱ्यात सुटतो. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना नंबर द्या आणि एका कागदावर नकाशा काढून लॅमिनेट करून पॅनलच्या दारावर चिकटवा. समुद्रात बिघाड झाला तर तांडेलाला तो कागदच वाचवतो.

मग दोन बॅटऱ्या वेगळ्या करा. एक फक्त इंजिन स्टार्टसाठी, दुसरी बाकी सगळ्यासाठी. पाहुण्यांनी गाणी लावून एक बॅटरी संपवली तरी इंजिन सुरू झालंच पाहिजे.

त्यानंतर दिवे एलईडी करा. जुना २५ वॉटचा बल्ब दोन ॲम्पच्या वर घेतो, एलईडी त्याच्या दहाव्या हिश्शात काम करतो. पण नेव्हिगेशनचा दिवा बदलताना पूर्ण मान्यताप्राप्त दिवाच घ्या. जुन्या काचेत स्वस्त एलईडी बसवला की प्रकाशाचा कोन आणि रंग बिघडू शकतो, आणि काही स्वस्त एलईडी व्हीएचएफ रेडिओत खरखर आणतात.

मग बॅटरी किती मोठी?

अंदाजाने घेऊ नका, जमाखर्च मांडा. आठ तासांच्या दिवसाचं एक उदाहरण:

व्हीएचएफ रेडिओ: ४ ॲम्प-तास
जीपीएस प्लॉटर: ८
खोली आणि वारा मोजणारी यंत्रं: ३
एलईडी नेव्हिगेशन दिवे, दोन तास: २
स्पीकर, चार तास: ८
मोबाईल चार्जिंग: ६
बिल्ज पंप: १
एकूण: ३२ ॲम्प-तास

वर २५ टक्के राखीव धरले तर ४०. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणून ८० लागतात, आणि बाजारातली १०० ॲम्प-तासाची बॅटरी पुरते. यात फ्रीज जोडला तर आठ तासांत आणखी पंधरा-सोळा ॲम्प-तास जातात. दिवसाच्या फेरीसाठी बर्फ घातलेला आइस बॉक्स न्या. मासेमारीच्या गावात बर्फाला काय तोटा!

स्वच्छ उन्हात १०० वॉटचं सोलर पॅनल दिवसाला साधारण २५ ॲम्प-तास देतं. म्हणजे वरच्या उदाहरणात बराचसा भार ते उचलेल. पण शिडाची किंवा डोलकाठीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन बरंच घटतं, जागा विचारपूर्वक निवडा. चार्ज कंट्रोलर आणि फ्यूज दोन्ही हवेत.

लिथियम, म्हणजे एलएफपी बॅटरी, हलकी असते आणि तिची ८० टक्के क्षमता बिनधास्त वापरता येते. पण जुन्या अल्टरनेटरला ती थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, तो खर्च धरूनच तुलना करा.

पाहुणे बसवण्याआधी

प्रवासी घेऊन व्यवसाय करायचा तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, जाऊन नोंदणी, सर्व्हे आणि चालकाच्या परवान्याची चौकशी बोट घेण्याआधीच करा. विम्याचंही तिथेच ठरवा. कामाची बिलं, वायरिंगचा नकाशा आणि फोटो एका फाईलमध्ये लावा. सर्व्हेच्या वेळी उपयोगी पडतात, आणि चार वर्षांनी तुम्ही बोट विकाल तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकाला हीच फाईल दाखवून चांगला भाव घ्याल.

दर महिन्याला अर्धा तास काढा: बिल्ज पंपाची बादली-चाचणी, बॅटरीचा व्होल्ट, टर्मिनलचा घट्टपणा, सगळे दिवे. तारीख टाकून वहीत लिहा. पावसाळ्यात बोट वर घेतली की बॅटऱ्या काढून घरी आणा आणि चार्जवर ठेवा.

लक्षात ठेवा मंडळी, आपल्या बोटीत बसणारं कुटुंब पॅनलच्या मागे डोकावून बघत नाही. ते आपल्यावर भरवसा ठेवून लहान मूल मांडीवर घेऊन बसतं. तो भरवसा सांभाळणं हाच हा धंदा.

तुम्ही एखादी बोट बघून ठेवली असेल तर वरच्या आठ तपासण्यांचे आकडे कमेंटमध्ये लिहा, आपण मिळून हिशेब लावू. आणि बोट घ्यायच्या विचारात असलेल्या मित्राला हा लेख नक्की पाठवा, त्याने ॲडव्हान्स देण्याआधी!